शिकारीची दुर्बीण, सारसाचं शेत : आठ पट घ्यायची की दहा पट?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त खोकला आणि मागून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज काढून टाकलाय.)

आजचा भाग दुर्बिणीवर आहे. बरेच दिवस इनबॉक्समध्ये एकच प्रश्न पडून होता: "ताई, दुर्बीण घ्यायची आहे, कितीची घेऊ?" म्हणजे रुपये कितीचे नाही, तर पट कितीची. आठची, दहाची, का ती जाहिरातीत दिसते ती तीसची?

एका मुलाने तर थेट लिहिलं होतं, की नेटवर शोधलं तर सगळीकडे "शिकारीसाठी सर्वोत्तम दुर्बीण" असंच येतं, मग ती आपल्याला चालेल का? चांगला प्रश्न आहे, तिथूनच सुरू करू.

दुर्बिणीबद्दल जगात जे काही लिहिलं जातं त्यातलं खूपसं शिकाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं, कारण अमेरिकेत, युरोपात परवाना काढून शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेखातर शिकार हा विषय संपला. रानडुकराने धान उद्ध्वस्त केलं तर वनविभागाच्या परवानगीची वेगळी वाट आहे, पण ती कायद्याची बाब, हौसेची नाही. त्यामुळे "शिकारीची दुर्बीण" आपल्याकडे येते तेव्हा ती फक्त बघण्याची दुर्बीण होते. गंमत म्हणजे गरज तीच राहते. लपून बसायचं, लांबून बघायचं, उजाडताना आणि मावळताना बघायचं, आणि समोरच्याला आपली चाहूल लागू द्यायची नाही. शेवटी बोट ट्रिगरवर जात नाही, वहीकडे जातं, एवढाच फरक. सालिम अलींची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कोण म्हणून विचारायला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पुढे देशाचे पक्षीतज्ज्ञ झाले.

आता आपल्या गोंदियाकडे या. महाराष्ट्रात सारस बघायचा म्हणजे आपला जिल्हा, आणि आजूबाजूचा थोडा भाग. नदीपलीकडे मध्य प्रदेशातलं बालाघाट. आणि आपला सारस अभयारण्यात राहत नाही, तो शेतात राहतो. धानाच्या बांधीत, बोडीच्या काठाला, तलावाच्या उथळ पाण्यात. उभा राहिला की जवळपास माणसाएवढा. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यात उंच. आणि जिल्ह्यातली एकूण संख्या? पन्नाशीच्या आत. पन्नास हजार नाही, पन्नास.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण दुर्बिणीचा सगळा हिशोब इथेच येतो. दर वर्षी जूनमध्ये, पाऊस पडायच्या आधी, सारसांची गणना होते. 'सेवा' ही गोंदियाची संस्था, वनविभाग, आणि गावागावातले शेतकरी, पोरं-पोरी, सगळे मिळून करतात. एवढ्या कमी संख्येत दोन पक्षी दोनदा मोजले गेले किंवा दोन सुटले, तर आकडा लगेच पाच टक्क्यांनी हलतो. आणि याच आकड्यावर मग बातम्या होतात, बैठका होतात, "वाढले" की "घटले" ते ठरतं. म्हणून धुऱ्यावर उभं राहून "तिकडे काहीतरी करडं दिसतंय, तीन असतील" असं चालत नाही. तीन आहेत की दोन मोठे आणि एक पिल्लू? मोठ्या सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग लाल असतो, पिसं नसतात तिथे. पिल्लाच्या डोक्या-मानेवर तांबूस पिसं असतात. हा फरक दिसला पाहिजे. दिसला तर कळतं की या जोडीचं मागच्या हंगामातलं पिल्लू जगलं.

मग दुर्बीण कोणती?

दुर्बिणीवर लिहिलेलं असतं ८×४२, १०×५०, असं. पहिला आकडा पट, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. आठ पट म्हणजे काय, तर चारशे मीटरवरचा सारस पन्नास मीटरवर असल्यासारखा दिसतो. दहा पट म्हणजे तोच चाळीस मीटरवर. आता तुम्हीच सांगा, पन्नास मीटरवर लाल डोकं दिसत असेल तर चाळीसला असं काय जास्त दिसणार? फरक आहे, नाही असं नाही, पण लोकांना वाटतो तेवढा नाही.

आणि त्या दहा पटीची किंमत मोजावी लागते. पैशात नाही, दुसऱ्या गोष्टींत. पहिली, हात. पट वाढली की हाताची थरथरही तेवढीच वाढून दिसते. सायकल चालवत गेलात, धाप लागलेली आहे, लगेच दुर्बीण लावली, तर दहा पटीत सारस नाचताना दिसेल. (सारस खरंच नाचतात, पण ते वेगळं.) बारा पटीच्या वर गेलात तर स्टँडशिवाय उपयोग नाही. दुसरी गोष्ट, दिसणारा पट्टा. साधारण ८×४२ मधून एक किलोमीटरवर सव्वाशे ते एकशे चाळीस मीटर रुंद भाग दिसतो, १०×४२ मधून शंभर ते एकशे पंधरा. म्हणजे पक्षी शोधायला आठची सोपी. नवीन माणसाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? पक्षी डोळ्याने दिसतो आणि दुर्बीण लावली की गायब. आठ पटीत तो लवकर सापडतो.

तिसरी गोष्ट आपल्या इथली आहे, परदेशी लेखांत फारशी सापडत नाही. जूनमधलं ऊन. सकाळी आठ-नऊ वाजले की कोरड्या बांध्यांवरून गरम हवा उठायला लागते, सगळं थरथरतं, मृगजळासारखं. दुर्बीण त्या थरथरीलाही मोठं करते. दहा पट असो, वीस पट असो, लांबचा सारस पाण्यात विरघळल्यासारखाच दिसणार. म्हणून गणना पहाटे करतात. पक्षी रात्रीच्या जागेवरून हललेले नसतात आणि हवाही शांत असते. पण पहाटे काय नसतं? उजेड.

इथे दुसरा आकडा कामाला येतो. पुढची काच जेवढी मोठी तेवढा प्रकाश जास्त आत. पण नुसती मोठी काच बघू नका, भागाकार करा. बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच. हा सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल तुमच्या डोळ्यात उतरतो. ८×२५ ची खिशातली दुर्बीण घेतली तर तीन मिलिमीटर. १०×४२ म्हणजे सव्वाचार नाही, जवळजवळ तेवढंच, ४.२. १०×५० म्हणजे पाच. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटर असते, अंधारात तरुण माणसाची साताच्या आसपास जाते, वय वाढलं की कमी. याचा अर्थ काय, तर दुपारी बारा वाजता खिशातली ८×२५ आणि मोठी ८×४२ उजेडाच्या बाबतीत सारखीच वाटेल. दुकानात हेच होतं! दुकानात ट्यूबलाइट असते, बाहेर ऊन असतं, दोन्ही छान दिसतात, आणि माणूस छोटी घेऊन येतो. पहाटे साडेपाचला तळ्यावर गेल्यावर कळतं की छोटीत सगळं काळपट आहे.

नागझिऱ्यात हेच, उलट बाजूने. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसायला ज्यांना मिळतं त्यांना विचारा. चांदणं असतं, पाणवठा समोर असतो, साठ-सत्तर मीटरवर. तिथे दहा पटीची काहीच गरज नाही, गरज आहे उजेडाची. ७×५० असेल तर सात मिलिमीटरचा गोल, चांदण्यात गव्याची शिंगं वेगळी दिसतात. पण ७×५० दिवसभर गळ्यात अडकवून फिरायची म्हणजे शिक्षा. म्हणून ८×४२ हा मधला रस्ता आहे. वजन साधारण सहाशे-सातशे ग्रॅम. १०×५० किलोच्या जवळ जाते.

नागझिऱ्याचं जंगल दाट आहे. जिप्सीतून दिसणारं सगळं वीस-पन्नास मीटरच्या आत. स्वर्गीय नर्तक पानांमधून असा फुर्रकन जातो, तिथे दहा पट लावून बसलात तर पानंच दिसतील. मला विचाराल तर जंगलात आठ, किंवा सातसुद्धा चालेल. शिकारीची परदेशी पुस्तकंही हेच सांगतात, दाट जंगलात कमी पट, उघड्या डोंगरात जास्त. दहा पट कुठे शोभते? नवेगावबांधला. कोलू पाटील कोहळींनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बांधलेला तो तलाव एवढा पसरलेला आहे की हिवाळ्यात बदकं मधोमध बसली की नुसते ठिपके. तिथे काठावर बसा, कोपर गुडघ्यावर टेकवा, १०×४२ ने बघा, काम होतं. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत असताना हा तलाव किती वर्षं पाहिला ते 'नवेगावबांधचे दिवस' वाचलं की कळतं. २०२५ ला पद्मश्री मिळाली आणि त्याच जूनमध्ये ते गेले. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते पुस्तक घ्या, दुर्बीण नंतर घेतली तरी चालेल. हे मी गंभीरपणे सांगतेय.

आता सारसाकडे परत येते, कारण खरा मुद्दा राहिलाय.

पावसाळ्यात रोवणी झाली की सारस घरटं करतात. पाण्यात, बांधीतच, गवत-पेंढ्याचा ढीग रचून. अंडी बहुतेक दोन. महिनाभर नर-मादी आळीपाळीने बसतात. आणि याच महिन्यात आपल्यासारख्या हौशी लोकांना फोटो पाहिजे असतो. फोन घेऊन, चिखल तुडवत, "अजून थोडं पुढे, अजून थोडं पुढे". पक्षी उठला की अंडी उघडी. कावळा तिथेच असतो, कुत्री असतात, वर ऊन किंवा पाऊस असतो. एवढं करून फोनमध्ये काय येतं? करडा ठिपका.

एकदा एका बांधीजवळ मी धुऱ्यावर उभी होते, रस्त्यापासून थोडी आत. शेताचे मालक, वयस्कर काका, डोक्याला दुपट्टा, आले आणि म्हणाले, "काय पाहून राहिली बाई?" मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "रोज जाऊन राहिलो इथून, पण याचा डोळा आज पाहिला." आणि मला म्हणाले, "इथूनच पाह. पुढं नको जाऊ, तो उठते." त्यांनी धानाचा तेवढा कोपरा तसाच सोडला होता, निंदायलाही गेले नव्हते. सारस आपल्याकडे टिकलाय तो अशा माणसांमुळे. फवारणी, विजेच्या तारा, बुजवलेल्या बोड्या, हे सगळं एकीकडे आहेच.

तर चारशे मीटरवरून जे दिसतं त्यावर समाधान मानता येईल अशी दुर्बीण घ्यायची, म्हणजे पाय आपोआप धुऱ्यावर थांबतात. वाईट दुर्बीण माणसाला पुढे ढकलते.

वाईट दुर्बीण म्हणजे कोणती, ते सांगते. ऑनलाइन दिसते ना, "३०×६०", घडी होणारी, तळहाताएवढी, काचा लालभडक, किंमत हजाराच्या आत, वर "नाइट व्हिजन" लिहिलेलं. घरात कोणाकडे असेल तर आत्ता पट्टी घ्या आणि पुढची काच मोजा. साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर पाहिजे ना? निघेल दोन, सव्वादोन. मग दुर्बीण हातभर लांब धरा, खिडकीकडे तोंड करून, मागच्या काचेत एक छोटा उजळ गोल दिसेल. तो मोजा. पुढची काच भागिले तो गोल, ही तुमची खरी पट. बावीसला पावणेतीनने भागा, आठ येते. तीस कुठे गेली? आणि रात्रीचं म्हणाल तर त्यात बॅटरीच नाही, कसलं नाइट व्हिजन. लाल काच बघून भुलू नका, चांगल्या काचेवर हिरवट किंवा जांभळट हलकी झाक असते.

तोच गोल अजून एक गोष्ट सांगतो. तो पूर्ण गोल आणि कडेपर्यंत उजळ असेल तर आतले प्रिझम चांगले, बहुधा बीएके-४ काचेचे. चौकोनी दिसला, कडा करड्या दिसल्या, तर स्वस्तातली काच. ही परीक्षा दुकानात एका मिनिटात होते, दुकानदार काही म्हणत नाही.

आकारावरून पण बोलू. दुर्बीण दोन प्रकारची. एक जुन्या सिनेमात असते ती, खांदे रुंद असलेली, तिला पोरो म्हणतात, इग्नाझियो पोरो नावाच्या इटालियन माणसावरून, १८५४ चं पेटंट. दुसरी सरळ नळकांड्यांची, ती रूफ प्रिझम. बजेट कमी असेल तर पोरो घ्या, माझं स्पष्ट मत आहे. सरळ नळीची बनवायला अवघड असते, त्यामुळे त्याच पैशात पोरोमध्ये चित्र जास्त चांगलं मिळतं. कॉलेजच्या मुलाला ८×४० पोरो भरपूर झाली. फक्त ती बहुतेक वॉटरप्रूफ नसते, आणि आपला पाऊस तुम्हाला माहीत आहे. पैसे असतील, पावसात फिरायचं असेल, तर नायट्रोजन भरलेली ८×४२ रूफ. चांगल्या कंपनीची सुरुवात आठ-दहा हजारांच्या आसपास होते, पुढे लाखांपर्यंत जाते, तिकडे आपण बघायचंच नाही.

एवढे पैसे एकट्याकडे नसतील तर तिघांत एक घ्या. गणनेला गेलात तरी एका ठिकाणी एक दुर्बीण पुरते, एक बघतो, एक लिहितो, एक वेळ सांगतो.

चष्मेवाल्यांनो, तुमच्यासाठी. बॉक्सवर "आय रिलीफ" लिहिलेलं असतं, पंधरा मिलिमीटरच्या वर बघा. डोळ्याजवळचे रबरी कप खाली दुमडायचे किंवा फिरवून आत घ्यायचे, मग पूर्ण गोल दिसतो. आणि सगळ्यांसाठी: उजव्या डोळ्यापाशी एक कडं असतं, ते उगाच नसतं. आधी उजवी पुढची काच हाताने झाका, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाका, चाकाला हात न लावता त्या कड्याने उजव्या डोळ्याला तीच पाटी स्पष्ट करा. झालं, परत हात लावायचा नाही. "दुर्बीण लावली की डोकं दुखतं" म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं दुखणं एवढ्यावर थांबतं. तरीही विजेचा एक खांब दोन दिसत असेल तर नळ्या समांतर नाहीत, ती दुर्बीण घेऊ नका. आणि सूर्याकडे कधीही नाही, एका क्षणासाठीही नाही, डोळा जाईल.

फोनचं विचारलंय तिघा-चौघांनी. फोनचा कॅमेरा दुर्बिणीच्या मागच्या काचेला अगदी चिकटवून धरला तर फोटो येतो, ओळख पटवण्यापुरता चांगला येतो. दुर्बीण खांबाला टेकवा, कप आत घ्या, फोनमध्ये थोडं झूम करा म्हणजे काळी कड जाते. ई-बर्डवर नोंद टाकायला एवढं पुष्कळ. फक्त घरट्याचं लाइव्ह लोकेशन व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, प्लीज. "फक्त आपल्याच ग्रुपवर" टाकलेलं संध्याकाळपर्यंत कुठे पोचतं ते सगळ्यांना माहीत आहे.

शेवटचा प्रश्न, पावसाळ्यात काचेला बुरशी येते, काय करू? आपल्याकडची दमट हवा, येणारच. चामडी कव्हरमध्ये बंद करून कपाटात ठेवू नका, तिथेच बुरशी धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, चपलेच्या खोक्यात निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या चार-पाच टाका, दुर्बीण पूर्ण कोरडी करून त्यात ठेवा. काच दुपट्ट्याने पुसू नका, धूळ आधी फुंकून किंवा मऊ ब्रशने काढा, मग चष्म्याचं कापड. आत बुरशी गेली असेल तर स्वतः उघडायच्या भानगडीत पडू नका, नळ्यांची समांतरता जाते. दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि दुर्बीण स्वस्तातली असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्या.

तुमच्याकडे जी दुर्बीण आहे तिची पट्टीने मोजलेली खरी पट मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. भेटू.